वाकडी झाडं

गुर्गेनली, ८ जानेवारी १९७८

रुशेन राजा,

तुला एक आजी आहे. नाव नाझिफे. वय कुणी मोजलेलं नाही, दात चार, जीभ पूर्ण. आठवतंय का? नसेल आठवत तर डोळे मिट आणि काळ्या कोबीच्या वाफ्यात बकरी सोडलीस तेव्हा पाठीत लाकडी डाव कुणी घातला होता ते आठव. ती मी. तुझी आई गेली तेव्हापासून तुला भरवणारीही मीच, पण ते राहू दे, डाव लवकर आठवेल.

नऊ वर्षांत एक ओळ नाही. बोटी बांधणाऱ्यांच्या लक्षात हजार हजार खिळे राहतात म्हणे. आजी एकच आहे, तरी निसटली.

बरं, निसटली म्हणावं तर दर हिवाळ्यात खारवलेल्या हमसीचा डबा येतो. मिनीबसवाला जेमाल दारात ठेवतो आणि आकाशाकडे बघून म्हणतो, "कुणी दिला ठाऊक नाही, नाझिफे आजी. डबा आपणच गाडीत चढून बसला असेल." मीही म्हणते, हो रे, समुद्रातले मासे हल्ली फार हुशार झालेत. यंदाचा डबा पोचला. मीठ जास्त आहे.

आता अक्षराकडे बघ. ओळखलंस? मला लिहिता येत नाही, तेव्हा लिहिणारा कोण, ते तुला पहिल्याच ओळीत कळलं असेल. होय, तोच. तुझा बाप. गावात लिहिणारे तिघे. इमामसाहेबांना हिवाळ्यात दम लागतो, मुख्तार, म्हणजे गावचा कारभारी, ऐकलेलं गावभर सांगतो, उरला इद्रिस. तो म्हणाला, "मी त्याला पत्र लिहिणार नाही." मी म्हटलं, "तू कुठे लिहितोयस? मी लिहितेय. तू फक्त लेखणी धर." आईच्या शब्दाबाहेर जाता येत नाही, म्हणून बसलाय तोंड वाकडं करून. हेही लिही, इद्रिस. लिहिलंस? वाचून दाखव.

वाचलं. ठीक आहे. आणि तो काही गाळेल अशी शंका घेऊ नकोस. गेल्या वर्षी बहिणीला पत्र सांगितलं तेव्हा यानं अर्धं गाळलं होतं. म्हणून आता पाकीट बंद करण्याआधी जेमाल गाडी उभी करून मला सगळं वाचून दाखवतो. मला अक्षर कळत नाही, पण माझं बोलणं मला ओळखता येतं.

बर्फाचं सांगते. डिसेंबरात समुद्राकडून पाऊस आला आणि पडलेल्या बर्फावर चार दिवस कोसळला. मग एका रात्रीत सगळं गोठलं. डोंगर आरशासारखा झाला. खालच्या घरातल्या झेकियेची कोंबडी अंगणातून घसरली ती थेट ओढ्यापर्यंत. चांगलं लक्षण नाही. आपल्या घराच्या वर जो रिकामा पट्टा आहे ना, राखीव रानात, तो दुपारी चकाकतो.

त्या पट्ट्याचं नाव काढलं की तुझ्या बापाचा हात थांबतो. आत्ताही थांबलाय. तर आज इथंच पुरे. उत्तर पाठव.

तुझी आजी

*

गुर्गेनली, २४ जानेवारी

रुशेन,

तुझं उत्तर आलं. तीन ओळी! नऊ वर्षांच्या तीन, म्हणजे तीन वर्षांना एक. कागद महाग झालाय का रे तिकडे किनाऱ्यावर, सुर्मेनेत?

तुझ्या बापानं मला वाचून दाखवलं, सरकारी नोटीस वाचावी तशा आवाजात. "आजी, मी बरा आहे. वरच्या रिकाम्या पट्ट्यात बर्फ किती आहे आणि कसा आहे? गुरं अजून त्याच जागी बांधतात का?" मग त्यानं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. चौथ्यांदा मी हातातून काढून घेतला.

विचारलंस म्हणून सांगते, नीट ऐक.

गोठलेल्या पापुद्र्यावर दहा दिवस कोरडी थंडी पडली. आकाश निळं, नाक लाल. त्या थंडीत पापुद्र्यावर बारीक दाणा धरला, रव्यासारखा. मुठीत धरला तर गोळा होत नाही, बोटांतून गळून जातो. मग समुद्रावरून ढग आले आणि त्यावर दोन दिवस जड, ओला बर्फ पडला, छातीइतका. आपला लाझ बोरेक, ती सायीची मिठाई, कशी असते? खाली कडक पापुद्रा, मध्ये साय, वर पुन्हा जाड थर. थाळी तिरकी धरली की वरचा थर सायीवरून घसरतो. आपला डोंगर आत्ता तसा आहे, आणि तो तिरका धरलेलाच आहे.

मी उगीच बोलत नाही. तुझा बाप अंकाराहून बेकरी सोडून आला तेव्हा भट्टीत पाव सारायचं लांब दांड्याचं फावडं घेऊन आला होता ना, तेच उलटं धरून मी घरामागच्या चढावर बर्फात खुपसते. आधी दांडा रेटावा लागतो. मग एकदम हात पुढे जातो, पायरी चुकल्यासारखा. आणि मग टक्क. काच. रोज खुपसते, रोज तिथंच पायरी चुकते. काल वरच्या कुंपणापाशी पाय टाकला तर सगळा बर्फ खाली बसला, धप्प, गायीनं बसता बसता श्वास सोडावा तसा. आणि माझ्या पायापासून एक चीर निघाली ती पार अक्रोडापर्यंत गेली.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, गुरं तिथंच. नवा गोठा जुन्याच दगडांवर उभा आहे. मी तुझ्या बापाला म्हटलं, गाई सोड, आपण ओढ्यापलीकडे चहाच्या शेडमध्ये जाऊन राहू. हिवाळ्यात तिथं चहाची पानं विकायला कोण येतंय, रिकामी आहे, आणि ती डोंगराच्या सोंडेवर आहे, तिथं काही पोचत नाही. तो म्हणाला ते त्याच्याच हातानं लिहू दे:

"आई, त्या वर्षी बर्फाचा कडा सुटला कारण राखीव रानातली झाडं परवानगीच्या गाठीशिवाय तोडली गेली. चोरी झाली. राखलेल्या रानात चोरी झाली की डोंगर वसूल करतो. त्यानं बाबांना घेतलं. त्यानंतर नऊ वर्षांत कुणी काडी उचललेली नाही. आता डोंगराचं आपल्याकडे काही येणं नाही. मी घर सोडणार नाही."

लिहिलंस? मोठ्या अक्षरात लिहिलंयस, दिसतंय मला.

आणि तो हलत नाही म्हणून झेकिये हलत नाही. तिची दोन मुलं, म्हातारा सासरा. ती म्हणते, "इद्रिस भाऊ गेले तर मी जाईन. ते बसलेत म्हणजे काही नसेल." पट्ट्याखालची दोन्ही घरं अशी एका माणसाच्या हट्टाला दावं बांधून उभी आहेत.

मी काय करायला हवं ते मला ठाऊक आहे. करवत नाही, एवढंच. डबा संपला. मीठ जास्त असूनही संपला.

आजी

*

गुर्गेनली, ९ फेब्रुवारी

रुशेन,

आज सकाळी वारा फिरला. दक्षिणेकडून, डोंगरापलीकडून, उबदार. पागोळ्या वाहायला लागल्या. झाडांवरचे बर्फाचे लपके पडतायत आणि उतारावरून चाकासारखे गोळे गडगडत खाली येतायत, लहान लहान, मुलांनी सोडल्यासारखे. ते जसजसे मोठे होतात तसतसा माणसानं निघायचा विचार करायचा असतो. दुपारच्या आत पाऊस येईल. ओल्या बर्फाचं वजन आणखी वाढेल.

इद्रिस, आता मी जे सांगते ते शेवटपर्यंत लिहायचं. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. शेवटचा शब्द झाला की मग काय ते कर. कबूल? तो मान हलवतोय. मान हलवली हेही लिही.

रुशेन, हे तुला ठाऊक आहे. तरी तुला सांगते, कारण ऐकायला दुसरा कुणीतरी बसलाय.

आपल्या वाडीत राखीव रानातलं झाड हवं असेल तर वाडीतल्या सगळ्यात थोरल्या बाईला विचारायचं असतं. ती आपल्या डोक्याच्या रुमालाची चिंधी फाडते आणि बुंध्याला गाठ मारते. झाड पडल्यावर गाठ खुंटावर सरकवायची, म्हणजे कुणी विचारलं तर दाखवता येते. माझ्या सासूनं चाळीस वर्षांत तीन गाठी मारल्या. मी एका दिवसात सात मारल्या.

तुझ्या बापाचा हात थांबलाय. लिही, इद्रिस. सात.

तू एकोणीस वर्षांचा होतास. बोटी बांधणाऱ्या युनुस उस्ताकडे हाताखाली नुकता लागला होतास. आलास आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणालास, "आजी, उस्ता म्हणतात बोटीच्या फासळ्या सरळ लाकडातून कापल्या तर मोडतात. लाकूड जन्मानंच वाकडं हवं. आपल्या रानाच्या वरच्या कडेला वाकडे चेस्टनट आहेत. सात मिळाले तर माझ्या स्वतःच्या बोटीचा सांगाडा उभा राहील." मी विचार केला, पोरगं बाकीच्यांसारखं परमुलखात भट्ट्यांपुढे भाजून निघण्यापेक्षा इथं किनाऱ्यावर राहील. आणि वाकड्या झाडाला घरात कोण विचारतो? ना तुळई, ना खांब, ना फळी. मी म्हटलं, घेऊन जा, रानाची अडगळ जाईल. तुझ्याबरोबर वर चढले, माझा लाल काठाचा रुमाल फाडला, सात गाठी मारल्या. तू मागच्या घळीतून बैलांनी लाकूड उतरवलंस. आठवड्यात बर्फ पडला. खुंट झाकले गेले. गाठी कुणी पाहिल्याच नाहीत.

आता माझ्या मूर्खपणाचं ऐक. झाड बुंध्याशी वाकडं का होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रोप असताना बर्फ त्याला दर हिवाळ्यात खाली रेटतो, ते दर उन्हाळ्यात पुन्हा वर बघतं. पन्नास वर्षं हेच. म्हणजे ती सात झाडं वाकडी होती कारण सगळ्या डोंगराचा भार त्यांनी पाठीवर घेतला होता. मागची सरळ, देखणी झाडं त्यांच्या आडोशाला वाढलेली. मी देखणी ठेवली आणि भार घेणारी देऊन टाकली. हे मला ठाऊक होतं, रुशेन. त्या दिवशी सुचलं नाही, एवढंच. घरासाठी लाकूड निवडायच्या नजरेनं मी रान बघितलं.

मग कडा सुटला. तुझे आजोबा गोठ्यात गायीला पेंड घालत होते. दोन दिवस आपण लांब काठ्यांनी त्यांना शोधत होतो. ते सापडायच्या आधीच अंगणात तुझ्या बापानं तुझी गचांडी धरली. "गाठ होती का? बोल, गाठ होती का?" तू एवढंच म्हणाला असतास की वर जाऊन खुंट उकरा, तर संपलं होतं. तू माझ्याकडे बघितलंस. मी चुलीकडे बघितलं. तू म्हणालास, "नव्हती."

त्याच संध्याकाळी तू उतरून गेलास. मी थांब म्हटलं नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागल्यावर सगळ्यांच्या आधी मी वर गेले. सात चिंध्या सोडवून आणल्या. सहा चुलीत घातल्या. सातवी घालताना हात वळला नाही. ती मक्याच्या बियाण्याच्या डब्यात आहे, तळाला. इद्रिस, नंतर बघ. आधी लिही.

तर गाठी होत्या, इद्रिस. चोरी झाली नव्हती. रीतसर मागून, रीतसर देऊन झाडं नेली, आणि तरीही कडा सुटला. डोंगराला गाठ दिसत नाही. त्याला झाडं आहेत की नाहीत एवढंच कळतं. आणि त्या पट्ट्यात अजून नाहीत. मी लावलेली रोपं कमरेएवढी आहेत. डोंगराचं आपल्याकडे येणं नाही म्हणून तू बसलायस, पण तो काही मागायला येत नाही, तो फक्त घसरतो. तुझ्या बापाच्या जागी तू पेंड घालत उभा असलास तर मी या वेळी चुलीकडे बघायचं की कुठे बघायचं?

झालं. शेवटचा शब्द झाला. ठेव लेखणी.

*

चहाची शेड, ११ फेब्रुवारी

रुशेन,

घाबरू नकोस, सगळे आहोत. सगळे म्हणजे मी, तुझा बाप, झेकिये, तिची मुलं, तिचा सासरा, पाच गाई आणि ती घसरणारी कोंबडी.

त्या दिवशी लेखणी ठेवून तो उठला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. डबा उघडला, हात कोपरापर्यंत बियाण्यात घातला, चिंधी काढली, खिशात ठेवली. मग बाहेर गेला आणि गाई सोडल्या. झेकियेच्या दारात उभा राहून म्हणाला, "चल."

ती म्हणाली, "अहो भाऊ, परवा तर तुम्ही म्हणालात काही होत नाही. चुलीवर कोबी आहे माझा."

"कोबी घे बरोबर."

"आणि सासऱ्यांना?"

"पाठीवर घेतो. चल म्हटलं ना."

पावसात दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेत त्यानं मला उचललं. मी म्हटलं, चालता येतं मला. ओढ्यावरच्या फळीवर पाय घसरला तेव्हा फक्त म्हणाला, "हलू नकोस."

काल सकाळी झेकियेनं मक्याची भाकरी तव्यावर टाकली होती. आवाज आला. कापड फाटल्यासारखा आधी, वर, लांब. तुझा बाप दारात जाऊन उभा राहिला, मी त्याच्या काखेखालून बघितलं. पट्ट्याच्या माथ्यावर एक काळी रेघ उमटली आणि तिच्याखालचं सगळं पांढरं चालायला लागलं. पळत नव्हतं, चालत होतं, ओलं, जड, चुन्याच्या घाण्यासारखं. अक्रोड गेला. गोठा गेला, छप्पर थोडा वेळ वरती तरंगलं, बोटीसारखं. खांबांवरची धान्याची कोठी आडवी झाली. आपलं घर मागच्या भिंतीपर्यंत भरलं आणि झेकियेच्या स्वयंपाकघराची खिडकी आत गेली. कोबीच्या वाफ्याशी येऊन थांबलं. मग इतकं शांत झालं की भाकरी जळल्याचा वास आधी आला आणि कळलं मागून.

झेकिये म्हणाली, "माझी चूल तिथं होती." दोनदा म्हणाली. मग मुलांना जवळ घेऊन बसली.

तुझा बाप अजून माझ्याशी बोलत नाही. पण आज सकाळी स्वतःच कागद घेऊन समोर येऊन बसला. मी काही म्हटलं नव्हतं. मागचं पत्रही त्यानं फाडलेलं नाही, कोटाच्या आतल्या खिशात आहे. बर्फानं बुजलेला रस्ता उघडला की दोन्ही एकदम जातील.

आजी

*

चहाची शेड, १९ मार्च

रुशेन राजा,

रस्ता उघडला. जेमाल आज वर आला. दोन्ही पत्रं मी त्याच्याकडून वाचून घेतली. त्याला वाचता वाचता नाक पुसावं लागलं, म्हणाला थंडी आहे. एक शब्द गाळलेला नाही. "मूर्खपणा" सुद्धा जसाच्या तसा.

बर्फाचं विचारशील. पट्टा मोकळा झालाय, खाली नुसती माती आणि मळकट ढीग. दिवसा वितळतो, पहाटे धरतो, आता त्यात दाणा राहिलेला नाही, दांडा सरळ आत जातो. परवा तुझा बाप वर गेला. मी खालून ओरडले, कशाला जातोस? तो दुपारी आला, गुडघे मातीनं भरलेले. म्हणाला, "रोपं आहेत." महिन्याभरात माझ्याशी बोललेला पहिला शब्द. "बर्फ वरून गेला. आडवी पडलीत, मोडलेली नाहीत. बुंध्याशी वाकलीत."

मी म्हटलं, "वाकू देत."

तो म्हणाला, "त्या पोराच्या हातानं आणखी पन्नास लावायला हवीत. मला एकट्याला होणार नाही." मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो, आणि गाईला पाणी दाखवायला गेला. गाय नुकतीच पाणी पिऊन आली होती.

नवा गोठा इकडे सोंडेवर बांधतोय. वाडीत सांगितलंय सगळ्यांना, मशिदीच्या ओट्यावर उभं राहून, गाठी कुणी मारल्या आणि कुणी लपवल्या. मीच सांग म्हटलं होतं. आता बायका माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. बघू देत, चार दातांची म्हातारी नाही तरी फार दिवस बघायला मिळत नाही. फक्त झेकियेनं विचारलं, "मग तो पोरगा नऊ वर्षं तुमच्यासाठी गप्प बसला?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आणि तुम्ही डब्यातले मासे खात होता." मी म्हटलं, हो. मीठ जास्त आहे म्हणत.

आता एक गंमत बघ. मी तुझ्या बापाला म्हटलं, शेवटी तुझ्याकडून दोन शब्द लिही, हवे तर. तो म्हणाला काही नाही लिहायचं. पण दिव्याची वात मी दोनदा वर केली आणि तो अजून लिहितोय. मला अक्षर कळत नाही, पण दोन शब्दांना किती वेळ लागतो ते कळतं. मध्येच त्यानं खिशातली चिंधी काढली आणि कागदावर ठेवून बघितली, मग पुन्हा खिशात घातली. ते जेमालकडून मी वाचून घेणार नाही. ते तुझं आहे.

हां, संपलं त्याचं. आता माझं ऐक.

खारवलेल्या हमसीचा डबा पाठवू नकोस. या वर्षी ताजी पाहिजे, पाच किलो, चंदेरी, डोळे चकचकीत असलेली. जेमालच्या गाडीत टाकू नकोस. तो वाटेत तीन ठिकाणी चहा प्यायला थांबतो, मासे वर पोचेपर्यंत सडतात. पहाटे बोटीवरून उतरव, ओल्या गोणपाटात गुंडाळ आणि ज्याला आपल्या वाडीची वाट नऊ वर्षांनीही डोळे मिटून सापडेल त्याच्याच हातून दुपारच्या आत पाठव. डोकी काढू नकोस, ती मी काढीन. मक्याचं पीठ इथं आहे.